पहाटे दिवा लागलेली घरे

रॉबर्ट आणि हेलन लिंड या दांपत्याचे ‘मिडलटाउन’ हे पुस्तक माझ्या हाती आले ते एम.ए.च्या वर्षात. अमेरिकन कादंबरीचा पेपर घेतला होता. ड्रायझर, अप्टन सिंक्लेअर, सिंक्लेअर लुइस यांच्या कादंबऱ्यांमागचा समाज कळावा म्हणून आमच्या प्राध्यापकांनी ते वाचायला सांगितले. १९२९ साली प्रसिद्ध झालेले हे समाजशास्त्रीय पुस्तक आहे. इंडियाना राज्यातील मन्सी या मध्यम आकाराच्या गावात १९२४-२५ मध्ये राहून लिंड दांपत्याने तिथल्या माणसांच्या रोजच्या जगण्याची पाहणी केली आणि १८९० च्या सुमाराचे तेच गाव शेजारी ठेवून मधल्या पस्तीस वर्षांत यंत्रयुगाने काय बदलले ते नोंदवले. माणसे पोट कसे भरतात, घर कसे चालवतात, मुले कशी वाढवतात, देवळात कधी जातात, मोकळा वेळ कसा घालवतात, अशी त्याची सरळ मांडणी आहे.

त्यातल्या एका साध्या नोंदीपाशी मी थांबलो. हिवाळ्यात पहाटे सहाच्या सुमारास या गावातून फेरी मारली, तर दोन प्रकारची घरे दिसतात, असे लेखक सांगतात. काही घरे अजून अंधारात निजलेली असतात आणि काहींच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो. दिवा लागलेली घरे कामगारांची. गावाचे दोन वर्ग कोणते, हे कळण्यासाठी मिळकतीचे आकडे पाहण्याआधी ही एक फेरी पुरे आहे.

पुस्तक मिटले आणि दौंडचे आमचे क्वार्टर आठवले. दिवा लागलेल्या घरांपैकी एका घरात मी वाढलो होतो. आणि तो दिवा लागे तेव्हा मी गाढ झोपलेला असे.

दौंड हे गाव भीमेच्या काठचे. पण आमच्यासाठी ते रुळांच्या काठचे होते. १८५८ मध्ये रेल्वे पुण्यापर्यंत आली, पुढच्या दोन वर्षांत ती दौंडवरून सोलापूरला पोहोचली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंडचे जंक्शन झाले. जंक्शन झाले म्हणजे लोकोशेड आले, कोळशाचे ढीग आले, पाणी भरण्याचे खांब आले, अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांचे बंगले आले, खलाशांच्या चाळी आल्या. त्याबरोबर एक नवी वेळही आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील रेल्वे मद्रास वेळेवर चालत असे. दौंडच्या सूर्यापेक्षा ती वेळ वीसेक मिनिटांनी पुढे होती. म्हणजे नांगर धरणारा माणूस एका वेळेत आणि त्याच्या बांधाला लागून जाणारी गाडी दुसऱ्या वेळेत. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अधिकृत झाली, तेव्हा हे अंतर अर्ध्या तासाचे झाले. अमेरिकेतही हे घडले होते ते रेल्वेमुळेच. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी तिथल्या रेल्वे कंपन्यांनी आपापसांत ठरवून देशाचे वेळेचे पट्टे पाडले आणि गावोगावच्या स्थानिक वेळा मोडीत निघाल्या. त्या पट्ट्यांना कायद्याचे रूप मिळाले ते १९१८ मध्ये. आधी गाडी बदलली, मग घड्याळ, मग कायदा. माणसाची झोप या क्रमात कुठे बसते, हे मात्र कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते.

माझे वडील क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले, मग शंटर, आणि अखेर मालगाडीचे ड्रायव्हर. मालगाडीला वेळापत्रक नसते. गाडी तयार झाली की कॉलबॉय येई. नाव कॉलबॉय, पण आमच्या वेळचा हा गृहस्थ पन्नाशीचा होता आणि सारी वसाहत त्याला मामा म्हणे. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात कॉलबुक. रात्री दीडला, अडीचला, साडेतीनला दाराची कडी वाजे. “साहेब, कॉल आहे. मनमाड.” वडील डोळे चोळत पुस्तकात सही करत. त्या सहीपासून त्यांच्या हाताशी दीड-दोन तास असत. मामा पुढच्या दाराकडे वळे, आणि आमच्या घरात दिवा लागे.

दिवा आई लावत असे. शेगडीत लोकोच्या राखेतून वेचून आणलेला अर्धवट जळालेला कोळसा असे. तो पेटायला वेळ घेई, म्हणून पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला. भाकऱ्या, कोरडे पिठले, लसणाची चटणी, कांदा. डबा लाइन बॉक्समध्ये जाई. पत्र्याच्या त्या पेटीत वडिलांचा सगळा बाहेरचा संसार मावत असे: बॅटरी, लाल-हिरवे झेंडे, टॉवेल, बदलायचे कपडे आणि तो डबा. वडील शेडकडे निघाले की आई दिवा मालवी. पण तोवर पाच वाजलेले असत आणि नळाला पाणी येई. वडील दुसऱ्या दिवशी केव्हातरी परतत. दुपारी दोनला किंवा रात्री अकराला. दारात बूट वाजले की पुन्हा शेगडी. मग वडील दिवसा झोपत आणि आम्हा भावंडांना घरात कुजबुजत बोलावे लागे. “बाबा ड्यूटीवरून आलेत” हे वाक्य आमच्या वसाहतीत “घरात कुणी आजारी आहे” या सुरात म्हटले जाई. वडिलांच्या झोपेचे रक्षण करणे हे सगळ्या घराचे काम होते. आईच्या झोपेचे रक्षण करण्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण तिला झोपलेले कुणी पाहिलेच नव्हते.

१९७४ चा रेल्वे संप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ८ मे रोजी सुरू झालेला हा संप वीस दिवस चालला. जॉर्ज फर्नांडिस हे नाव तेव्हा आमच्या ओट्यावर रोज ऐकू येई. पगार आणि बोनस यांच्या जोडीला त्या लढ्यात एक मागणी तासांची होती. इंजिनवर काम करणाऱ्यांचे तास माणसाच्या शरीराला झेपतील इतके असावेत, दिवसाची ड्यूटी आठ तासांची व्हावी. शिकागोच्या कामगारांनी १८८६ मध्ये जे मागितले, तेच अठ्ठ्याऐंशी वर्षांनी आमच्या शेडमधली माणसे मागत होती. संप मोडला. देशात अनेक ठिकाणी हजारोंना अटक झाली, संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढण्यात आले, हे त्या काळच्या वृत्तान्तांत वाचायला मिळते. माझी आठवण त्याहून लहान आहे. त्या दिवसांत मामा येत नव्हता, शिट्ट्या थांबल्या होत्या आणि वसाहतीत कधी नव्हे ती शांतता होती. एका रात्री मला तहानेने जाग आली. आई स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. मी विचारले तर म्हणाली, “काही नाही रे, जाग आली.” कॉल नव्हता, तरी तिची वेळ झाली होती.

ड्यूटीचे तास कसे मोजतात, हे वडिलांनी मला पुढे समजावून सांगितले. शेडमध्ये साइन ऑन केल्यापासून साइन ऑफ करेपर्यंत. कॉलबुकावरच्या सहीपासूनचे दोन तास त्यात नव्हते. ते दोन तास ज्या बाईच्या हातांनी भरले जात होते, ती तर कोणत्याच पुस्तकात नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेविषयी शिकवताना मी अनेक वर्षे एकच चित्र फळ्यावर काढत आलो. डेट्रॉइटजवळचा हायलँड पार्क, हेन्री फोर्डचा कारखाना, १९१३ साल. सरकत्या पट्ट्यावर मोटारीचा सांगाडा पुढे जातो, माणूस जागेवर उभा राहतो. सांगाडा जुळवायला आधी साडेबारा तास लागत, ते काम काही महिन्यांत सुमारे दीड तासावर आले. पण माणसे टिकेनात. त्या एका वर्षात सोडून गेलेल्यांच्या जागा भरण्यासाठी फोर्डला मूळ संख्येच्या साडेतीन पटींहून अधिक माणसे नव्याने घ्यावी लागली. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर झाली. इथवर सगळी पाठ्यपुस्तके सांगतात. त्यापुढचे मला फार उशिरा कळले. हे पाच डॉलर सर्वांना सरसकट मिळत नव्हते. कंपनीने एक ‘समाजशास्त्रीय विभाग’ स्थापला होता. त्याचे तपासनीस कामगारांच्या घरी जात आणि घर स्वच्छ आहे का, माणूस पितो का, पैसे शिलकीत पडतात का, घरात भाडेकरू ठेवलेत का, हे पाहत. बायकोने बाहेर कमावता घर सांभाळावे, अशी अपेक्षा असे. म्हणजे पट्टा कारखान्याच्या दारापाशी संपत नव्हता. तो माजघरापर्यंत आत गेलेला होता, आणि दुसऱ्या दिवशीचा कामगार त्याच पट्ट्यावर तयार होत होता.

आपल्याकडे तर माजघराचा आणि रेल्वेचा संबंध याहून जुना आणि कठोर आहे. दौंडहून निघणाऱ्या आमच्या लाइनीचे दुसरे टोक मनमाड. तिथे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे प्रतिपादन त्या भाषणातले. ते पुष्कळांना ठाऊक असते. त्याच भाषणातले एक निरीक्षण मात्र फारसे कुणी सांगत नाही. रेल्वेत अस्पृश्याला पोर्टरची नोकरी मिळत नाही, कारण पोर्टर हा स्टेशनमास्तरच्या घरगड्याचेही काम करतो, आणि घरात अस्पृश्य चालत नाही. म्हणून तो गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. रुळांवरची जागा चुलीजवळच्या जागेवरून ठरत होती. वडील मनमाडला शेकडो वेळा गेले असतील. हे भाषण माझ्या वाचनात आले ते चाळिशीनंतर. ‘मिडलटाउन’चीही एक उणीव तेव्हाच लक्षात आली. मन्सीत कृष्णवर्णीयांची वस्ती होती, पण लिंड दांपत्याने आपल्या पाहणीतून ती जाणीवपूर्वक वगळली होती. पहाटेची त्यांची फेरी त्या गल्लीत गेलीच नाही. माझ्या आठवणीतली फेरीदेखील क्वार्टरांच्या शेवटच्या ओळीपाशी थांबते. गँगमनांच्या झोपड्यांत दिवा किती वाजता लागत होता, हे मला सांगता येणार नाही.

पुढे मी शिरूरला एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागलो. दौंडहून शिरूर फार दूर नाही. चौफुला, पारगाव, न्हावरे या वाटेने घोड नदीकाठच्या या गावी यायला दीड-दोन तास पुरतात. पण ही वाट उतरलो तेव्हा मला आपण उद्योगाच्या जगातून शेतीच्या जगात आलो असे वाटले होते. तो भ्रम १९९० च्या दशकात मोडला. अष्टविनायकांपैकी एक असलेल्या रांजणगावच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली. बाजरीची राने गेली, पत्र्याच्या उंच शेड आल्या, कारेगावात खोल्यांच्या चाळी उठल्या आणि मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या पोरांनी त्या भरल्या. नगर रस्त्यावर पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणारे घोळके दिसू लागले. मामाच्या कंदिलाची जागा मोबाईलच्या गजराने घेतली.

अमेरिका आमच्या विद्यार्थ्यांना परकी वाटू नये म्हणून मी वर्गात एक माणूस नेहमी घेऊन येई. विष्णू गणेश पिंगळे. शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेचा हा तरुण पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेला गेला आणि सिॲटलच्या विद्यापीठात यंत्र-अभियांत्रिकी शिकू लागला. वॉशिंग्टन आणि ऑरेगनमधल्या लाकूड कापण्याच्या गिरण्यांत तेव्हा पंजाबी मजूर राबत होते. गदर चळवळ उभी राहिली ती याच मजुरांतून आणि विद्यार्थ्यांतून. पिंगळे १९१४ च्या अखेरीस परतले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेले. ही हकिकत सांगताना वर्ग ताठ बसतो. एकदा एका मुलाने विचारले, “सर, ते तिकडे जेवायचे काय?” वर्ग हसला. मला उत्तर देता आले नाही. हुतात्म्याच्या मरणाची तारीख आपण पाठ करतो. सिॲटलच्या थंडीत त्याच्या खोलीत सकाळी चूल कोण पेटवत होते, हा प्रश्न मला तीस वर्षांत सुचला नव्हता.

मी ज्याच्याविषयी लिहायला बसलो आहे तो प्रसंग त्यानंतरचा. सिंक्लेअरची ‘द जंगल’ शिकवत होतो. १९०६ ची ही कादंबरी शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या स्थलांतरित कामगारांवर आहे. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी वहीवर डोके ठेवून झोपली होती. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. मी थांबलो आणि म्हणालो, “रात्रभर मोबाईल बघायचा आणि इथे येऊन झोप काढायची, असं आहे का?” वर्ग हसला. ती उभी राहिली, “सॉरी सर” एवढेच म्हणाली आणि तास संपेपर्यंत डोळे ताणून बसली. मी पुढे कामगारांच्या शोषणावर बोलत राहिलो.

पंधरा दिवसांनी त्याच वर्गाला ‘मिडलटाउन’मधली ती नोंद सांगितली आणि एक पान लिहून आणायला सांगितले. तुमच्या घरात पहिला दिवा किती वाजता लागतो, कोण लावते आणि शेवटचा कोण मालवते? मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, चालेल.

तिचे पान मराठीत होते. भावाची पहिली पाळी. त्याची बस पाचला फाट्यावर येते, म्हणून ती पावणेचारला उठते. वडील दुसऱ्या पाळीला. ते रात्री बारानंतर येतात, दार उघडून जेवण गरम करून द्यावे लागते. आई कांदाकाढणीला रोजाने जाते, तिची कंबर धरलेली असते, म्हणून तिला उठवत नाही. कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवते, त्यामुळे पंधरा मिनिटे वाचतात. त्या पंधरा मिनिटांत भावाच्या गणवेशाला इस्त्री होते. पानावर कुठेही तक्रार नव्हती. मी विचारले होते तेवढेच तिने लिहिले होते.

त्या पंधरा मिनिटांविषयी रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक लिहिले आहे. अमेरिकन घरांत नळ, वीज, गॅस, धुलाईयंत्र आले, तेव्हा लाकडे फोडणारा नवरा, पाणी भरणारी मुले आणि कामाची मोलकरीण यांची कामे संपली. आईची संपली नाहीत. यंत्राने वाचवलेल्या वेळात तिच्यावर नवी कामे आली, असे त्या दाखवतात. १९११ मध्ये मिशिगनमध्ये विजेवरचे धुलाईयंत्र बनवण्यासाठी अप्टन मशीन कंपनी निघाली. तिचीच पुढे व्हर्लपूल झाली, आणि आज तिचे फ्रीज आमच्या रांजणगावात तयार होतात. शंभर वर्षांत ते यंत्र मिशिगनहून शिरूर तालुक्यात आले, आणि त्याच्याबरोबर तो हिशेबही आला. वाचलेली पंधरा मिनिटे ज्याने वाचवली त्याच्याकडे राहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी तिला वर्गाबाहेर थांबवले. “त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. मला माहीत नव्हतं.” ती संकोचून म्हणाली, “असू द्या, सर.” वर्गातही मी ते सांगायला हवे होते, कारण हसला होता तो वर्ग. ते धैर्य मला झाले नाही. तिने पदवी पूर्ण केली एवढे मला ठाऊक आहे.

मराठीत कामगारांचे साहित्य आहे आणि ते मोठे आहे. मामा वरेरकरांचा ‘धावता धोटा’, नारायण सुर्व्यांची कविता, जयंत पवारांचे ‘अधांतर’ ही नावे आपण अभ्यासक्रमात आवर्जून घेतो. पण या सगळ्यांचा केंद्रबिंदू मुंबई आहे, गिरणी आहे, भोंगा आहे. तालुक्याच्या गावातल्या औद्योगिक जगण्याचे, रेल्वेच्या वसाहतीचे, एमआयडीसीच्या चाळींचे लेखन माझ्या वाचनात फार थोडे आले. याला लेखकांइतकेच आम्ही शिकवणारेही जबाबदार आहोत. औद्योगिक क्रांती म्हटले की आम्ही मँचेस्टर, शिकागो, फार तर परळ दाखवतो. समोर बसलेली मुलगी कोणत्या पाळीतून आली आहे, ते पाहत नाही.

निवृत्त होण्याआधीच्या वर्षी तो स्वाध्याय मी पुन्हा दिला. एका मुलाने पानावर एकच ओळ लिहिली होती: मला माहीत नाही, मी झोपलेला असतो. मुलांना हसू आले. मला आले नाही. त्या रात्री घरी मी स्वतःचे पान लिहायला घेतले. दौंड, १९७४. पहिला दिवा: कॉल आला की. कोण लावते: आई. शेवटचा दिवा कोण मालवते: आई. त्यानंतर ‘आई केव्हा झोपते’ असे लिहिले आणि पुढची जागा भरता येईना. दुपारी ती गहू निवडत असे, संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसत असे, हे आठवते. तिला पडलेली मी एकदाच पाहिली, शेवटच्या आजारात. दवाखान्यात रात्री तिसऱ्या प्रहरी तिने डोळे उघडले आणि विचारले, “कॉल आला का?” वडील जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. मी म्हणालो, “नाही आई, झोप.” तिने माझ्याकडे पाहिले, माझे बोलणे तिला पटले नसावे.

ते पान अजून तसेच आहे. ती एक ओळ रिकामी आहे, आणि ती भरून देईल असे आता घरात कुणी राहिलेले नाही.